चषक घरी आला, चौतीस गुण गेले: ग्रँडमास्टर पदाचा हिशेब

फोंड्याला एका पावसाळ्यात झालेल्या तीन दिवसांच्या बुद्धिबळ स्पर्धेतून आमच्या शेजारची अकरा वर्षांची मुलगी सातपैकी साडेचार गुण मिळवून, आपल्या वयोगटातल्या मुलींत तिसरी येऊन, एक लहानसा चषक घेऊन घरी आली. चषक टीव्हीशेजारी मांडला गेला आणि आजीने त्याला हळदकुंकूही लावले. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला जागतिक बुद्धिबळ महासंघाची, म्हणजे फिडेची, नवी रेटिंग यादी लागली आणि त्याच संध्याकाळी तिचे वडील मोबाइल हातात धरूनच आमच्या सोप्यावर येऊन बसले. “काका, साडेचार गुण केले, बक्षीस मिळाले, आणि रेटिंग १५६० वरून १५२६? कुठेतरी चूक झालेली दिसते. तुम्ही पंचांच्या टेबलावर बसता, जरा विचारून बघा ना.” स्थानिक स्पर्धांत जोड्या लावायला आणि निकाल भरायला मी काही वर्षे मदत करतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला होता. चूक कोणाचीच झालेली नव्हती. मात्र ती का झालेली नव्हती हे समजावून सांगता सांगता कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या आणि बोलणे शेजारच्या मुलीवरून लिऑन मेंडोन्सापर्यंत जाऊन पोहोचले, कारण गोव्याचा हा मुलगा चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर कसा झाला हे समजून घ्यायचे तर आधी हे चौतीस गुण कुठे गेले ते समजावे लागते.

आपल्याकडे रेटिंग म्हणजे शाळेतल्या गुणांसारखी काहीतरी शाबासकी आहे असे पुष्कळ पालक धरून चालतात. वस्तुतः रेटिंग हा एक अंदाज आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे आर्पाद एलो यांनी ही पद्धत बांधली, अमेरिकेच्या महासंघाने ती १९६० मध्ये आणि फिडेने १९७० मध्ये स्वीकारली, आणि म्हणूनच वर्तमानपत्रांत आपण ‘एलो गुणांकन’ असे वाचतो. तिचे मूळ तत्त्व असे की दोन खेळाडूंच्या रेटिंगमधल्या फरकावरून त्यांच्यातल्या डावांत कोणाला सरासरी किती गुण मिळतील हे आधीच सांगता येते. फरक शून्य असेल तर अपेक्षा अर्ध्या गुणाची, फरक १०० असेल तर वरच्या खेळाडूकडून ०.६४ गुणांची, आणि २०० असेल तर ०.७६ गुणांची. डाव झाल्यावर प्रत्यक्ष मिळालेल्या गुणांतून ही अपेक्षा वजा करतात आणि उरलेल्या संख्येला एका ठरलेल्या गुणकाने गुणतात. हा गुणक अठरा वर्षांखालील आणि २३०० च्या खाली असलेल्या खेळाडूंसाठी ४०, सर्वसाधारण प्रौढ खेळाडूंसाठी २०, आणि एकदा २४०० गाठलेल्यांसाठी कायमचा १० असतो. मुलांचा खेळ झपाट्याने बदलतो म्हणून त्यांचा अंदाजही झपाट्याने बदलू द्यावा, हा त्यामागचा विचार आहे. त्याची दुसरी बाजू अशी की मुले पडतातही तितक्याच वेगाने.

आता त्या सात डावांकडे पाहू. तीन डाव तिने रेटिंग नसलेल्या मुलांशी खेळले आणि तिन्ही जिंकले. स्पर्धेच्या तक्त्यात त्यांचे तीन गुण पडले, पण रेटिंगच्या हिशेबात ते डाव धरलेच जात नाहीत, कारण समोरच्याचा अंदाजच उपलब्ध नसेल तर तुलना कशाशी करणार? राहिले चार डाव. १४१० च्या मुलाला तिने हरवले, तिथे अपेक्षा ०.७० ची होती आणि मिळाला एक गुण, म्हणजे ०.३० जमा. १४६० च्या मुलाकडून ती हरली, तिथे अपेक्षा ०.६४ ची होती, म्हणजे तेवढे सगळे वजा. १५१० च्या मुलीशी बरोबरी झाली, अपेक्षा ०.५७ ची होती, म्हणजे ०.०७ वजा. आणि १६०० च्या एका काकांकडून ती हरली, तिथे अपेक्षा ०.४४ ची होती, तीही वजा. एकूण वजाबाकी ०.८५ झाली, तिला चाळीसने गुणले की बरोबर ३४ येतात. वडिलांनी मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर हे दोनदा करून पाहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे कप एका हिशेबाचा आणि रेटिंग दुसऱ्या.” बरोबर हेच. स्पर्धा तुम्ही किती गुण केले ते मोजते, आणि रेटिंग ते गुण कोणासमोर बसून केले ते मोजते.

इथून पुढे गोव्याचा प्रश्न सुरू होतो. एलोच्या पद्धतीत दोन सारख्या गुणकाचे खेळाडू भिडतात तेव्हा एकाने कमावलेले गुण दुसऱ्याच्या खात्यातून आलेले असतात. फोंडा, म्हापसा, मडगाव, वास्को, डिचोली अशा पाचसात गावांतली तीच ती मुले जर वर्षभर एकमेकांशीच खेळत राहिली, तर गुण त्यांच्यातच फिरत राहतात, एखाद्या तळीतले पाणी एका काठावरून दुसऱ्या काठाला लोटावे तसे. दरम्यान ही सगळी मुले शिकत असतात, इंटरनेटवर रोज डाव खेळत असतात, त्यांचा खेळ खरोखर सुधारत असतो, पण सगळेच एकत्र सुधारल्यामुळे ती सुधारणा आकड्यांत दिसत नाही. असे मूल राज्याबाहेर पडते तेव्हा त्याचे रेटिंग त्याच्या खेळापेक्षा कमी असते, आणि समोरच्या परक्या खेळाडूला तो सापळाच वाटतो. भारतातल्या १५०० च्या मुलाशी खेळायला युरोपातले १९०० चे खेळाडू का बिचकतात, याचे कारण हेच आहे. फिडेने १ मार्च २०२४ पासून रेटिंगची किमान पातळी १००० वरून १४०० वर नेली आणि २००० च्या खालच्या सर्वांना एकरकमी वाढ दिली, ती खालच्या पातळीवरचे हे आकुंचन भरून काढण्यासाठी होती. ती एकदाची मलमपट्टी होती. तळीचा आकार तिने बदलला नाही.

गोव्यातून मोठे खेळाडू आलेच नाहीत असे मात्र मुळीच नाही. इवाना फुर्तादो हिने २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षे आठ वर्षांखालील मुलींचे जागतिक विजेतेपद मिळवले. भक्ती कुलकर्णी २०१६ मध्ये आशियाई महिला विजेती झाली, २०१८ आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय विजेती झाली, आणि २०२२ च्या चेन्नई ऑलिम्पियाडमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात होती. त्याच वर्षीच्या अर्जुन पुरस्कारांतही तिचे नाव होते. अनुराग म्हामल २०१७ मध्ये गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर ठरला. इतक्या लहान राज्याला ही यादी शोभून दिसते. तरीही भारताला पहिला ग्रँडमास्टर, विश्वनाथन आनंद, १९८८ मध्ये मिळाला आणि गोव्याला त्यानंतर एकोणतीस वर्षे थांबावे लागले, हेही त्याच यादीतून वाचता येते.

ग्रँडमास्टर हे पद एखादी स्पर्धा जिंकल्याने मिळते असा समज सर्वत्र आहे. काही मोजके अपवाद सोडले तर ते तसे मिळत नाही. त्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी पुऱ्या कराव्या लागतात. पहिली म्हणजे रेटिंग कधीतरी २५०० ला पोहोचले पाहिजे. एकदा पोहोचले की नंतर ते घसरले तरी चालते. दुसरी गोष्ट म्हणजे नॉर्म, ज्याला वर्तमानपत्रे ‘निकष’ म्हणतात आणि खेळाडू व पालक सरळ नॉर्मच म्हणतात. नॉर्म म्हणजे एका स्पर्धेत तुम्ही ग्रँडमास्टरच्या तोडीचे खेळलात याचा दाखला, आणि असे दाखले मिळून किमान २७ डावांचे व्हावे लागतात. नऊ फेऱ्यांची स्पर्धा धरली तर तीन नॉर्म झाले, म्हणून ‘तीन नॉर्म’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. म्हापशाच्या बाजारात उभे राहून विचारले तर दहातले नऊ लोक सांगतील की ग्रँडमास्टर म्हणजे ज्याला कोणी हरवू शकत नाही. नियमाला असल्या अजिंक्यपणाशी काही देणेघेणे नसते, तो फक्त सरासरी तपासतो.

‘ग्रँडमास्टरच्या तोडीचे’ म्हणजे नेमके काय, हेही आकड्यांतच ठरलेले आहे. त्या स्पर्धेपुरती तुमची कामगिरी २६०० रेटिंगच्या खेळाडूला साजेशी असली पाहिजे. नऊ फेऱ्यांत प्रतिस्पर्ध्यांची सरासरी २३८० असेल तर तुम्हाला सात गुण लागतात, सरासरी २४३४ असेल तर साडेसहा पुरतात, २४७५ असेल तर सहा, आणि सरासरी थेट २६०० च असेल तर साडेचार, म्हणजे निम्मे गुणही पुरे होतात. सरासरी २३८० पेक्षा खाली गेली तर मात्र नऊपैकी नऊ डाव जिंकले तरी नॉर्म मिळत नाही. शेजारच्या वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते थोडे गप्प झाले, कारण गोव्यात जिंकत राहून मुलगी एक दिवस आपोआप ग्रँडमास्टर होईल अशी जी एक अस्पष्ट आशा त्यांच्या मनात होती, तिला या एका वाक्याने जागा उरली नाही.

आणि अजून अटी संपलेल्या नाहीत. प्रतिस्पर्ध्यांपैकी किमान एक तृतीयांश, म्हणजे नवातले तीन, स्वतः ग्रँडमास्टर असले पाहिजेत. किमान निम्मे किताबधारी असले पाहिजेत. आपला देश सोडून किमान दोन इतर देशांचे खेळाडू त्यांत असले पाहिजेत, आणि आपल्याच देशाचे खेळाडू तीन पंचमांशांहून जास्त असता कामा नयेत. मोठ्या खुल्या स्पर्धेत परदेशी किताबधारी खेळाडू पुरेशा संख्येने आलेले असतील तर देशांच्या अटीला सवलत मिळते. गोव्यात २०१८ आणि २०१९ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय खुल्या ग्रँडमास्टर स्पर्धांचे इथल्या मुलांना अप्रूप वाटले ते बक्षिसांच्या रकमेमुळे फारसे नव्हते; परदेशी पाहुणे दाबोळीला उतरले आणि आपल्याला विमानात बसावे लागले नाही, यात खरे अप्रूप होते. एरवी नियमाचा साधा अर्थ असा निघतो की एखाद्या मुलाच्या अंगी ग्रँडमास्टरचा खेळ आला, तरी तो खेळ योग्य दर्जाच्या, योग्य देशांच्या, योग्य किताबांच्या माणसांसमोर, योग्य संख्येने दाखवण्याची सोय होईपर्यंत तो ग्रँडमास्टर होत नाही.

लिऑन मेंडोन्साची गोष्ट या नियमांच्या चौकटीत ठेवून वाचली की ती निराळी दिसते. त्याचा जन्म १३ मार्च २००६ चा. तो व्हायोलिन वाजवतो हे त्याच्याविषयीच्या प्रत्येक बातमीत हमखास येते, जणू बुद्धिबळपटूने आणखी काही करणे हे नवलच आहे. गोव्यात खेळ शिकून पुढे त्याने चेन्नईचे ग्रँडमास्टर विष्णू प्रसन्न यांच्याकडे शिक्षण घेतले, आणि डी. गुकेशचेही प्रशिक्षक तेच होते. २०२० च्या मार्चमध्ये, चौदा वर्षांचा होत असताना, तो वडिलांबरोबर युरोपात स्पर्धा खेळायला गेला होता. तेव्हाच करोनाची टाळेबंदी सुरू झाली, विमाने बंद पडली आणि दोघे हंगेरीत अडकले. त्या वेळी आपल्याकडे रस्त्यावर दूधवाला दिसला तरी लोक खिडकीत येऊन बघत होते. घरापासून इतके दूर, परक्या भाषेच्या देशात, परतीची तारीख नसताना राहणे म्हणजे काय असेल याची कल्पना ज्याची त्याने करावी.

पण हंगेरी हा अडकून पडण्यासाठी बुद्धिबळपटूला मिळू शकणारा बहुधा सर्वांत चांगला देश होता. बुडापेस्टमध्ये नॉर्मसाठीच भरवल्या जाणाऱ्या छोट्या स्पर्धांची जुनी परंपरा आहे. दहा खेळाडू, नऊ फेऱ्या, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक डाव, आणि त्या दहांत तीन ग्रँडमास्टर, काही आंतरराष्ट्रीय मास्टर (ग्रँडमास्टरच्या खालचा किताब), दोनतीन देशांचे पाहुणे अशी जुळवणी आधीच केलेली. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध मालिका महिन्याच्या पहिल्या शनिवारी सुरू होते म्हणून तिचे नावच ‘फर्स्ट सॅटर्डे’. उन्हाळ्यात युरोपात निर्बंध थोडे सैल झाले तसे हे सामने पुन्हा पटावर खेळले जाऊ लागले. भारतातली मुले तेव्हा घरी बसून फक्त स्क्रीनवर खेळत होती, आणि स्क्रीनवरच्या डावांना नॉर्मच्या हिशेबात स्थान नसते. लिऑन मात्र एका स्पर्धेतून दुसऱ्या स्पर्धेत जात राहिला. ऑक्टोबरमध्ये बुडापेस्टच्या रिगो यानोश स्पर्धेत पहिला नॉर्म, नोव्हेंबरमध्ये ‘फर्स्ट सॅटर्डे’मध्ये दुसरा, आणि डिसेंबरच्या अखेरीस इटलीतल्या बासानो देल ग्राप्पा येथील व्हेर्गानी चषक स्पर्धेत तिसरा. तेव्हा त्याचे वय १४ वर्षे, ९ महिने आणि १७ दिवस होते. तो भारताचा ६७ वा आणि गोव्याचा दुसरा ग्रँडमास्टर झाला.

या नऊ महिन्यांत तो सोळा स्पर्धा खेळला आणि त्याचे रेटिंग २४५२ वरून २५४४ वर गेले. ९२ गुणांची ही वाढ शेजारच्या मुलीच्या ३४ गुणांशेजारी ठेवली तर फार मोठी वाटत नाही. पण तिचा गुणक ४० चा आहे आणि २४०० ओलांडलेल्या लिऑनचा १० चा होता. म्हणजे रेटिंगचे ९२ गुण कमावायला त्याला पटावर अपेक्षेपेक्षा ९.२ गुण जास्त करावे लागले. प्रत्येक स्पर्धा साधारण नऊ फेऱ्यांची धरली तर सुमारे १४४ डावांत मिळून केवळ नऊ-सव्वानऊ डावांइतकी जादा कमाई. सोप्या शब्दांत, दर दोन स्पर्धांमागे जेमतेम एक गुण वर. ज्याला आपण ‘झेप’ म्हणतो ती त्या पातळीवर अशी दिसते: पाचव्या तासाला समोरचा थकून बरोबरी मागतो, तेव्हा ती नाकारून एक प्यादे जास्त असलेला, हत्ती-प्यादीच उरलेला डावाचा शेवट आणखी तीस चाली ओढत न्यायचा, आणि असा अर्धा अर्धा गुण साठवत राहायचे. गोव्यात बसून एका वर्षात सोळा लांब पल्ल्याच्या, या दर्जाच्या स्पर्धा खेळणे साध्या काळातही कोणाला जमले नसते. शाळा, परीक्षा, प्रत्येक वेळी नव्याने काढायची विमानाची तिकिटे आणि व्हिसा यांतच वर्ष संपते. टाळेबंदीने त्याचा परतीचा रस्ता बंद केला आणि त्याचबरोबर हा सगळा मधला खोळंबाही काढून टाकला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. प्रतिभा मार्चमध्ये होती तेवढीच होती. ती मोजून घेण्याच्या संधी मात्र एकदम कितीतरी वाढल्या.

अशा जुळवून आणलेल्या स्पर्धांवर टीकाही पुष्कळ होते, आणि ती अगदीच निराधार नाही. पद मिळवून देण्यासाठीच खेळाडूंची सरासरी बेतलेली असेल, तर त्या पदाची किंमत काय, असे जाणकार विचारतात. जगातला सर्वांत लहान ग्रँडमास्टर ठरलेल्या अमेरिकेच्या अभिमन्यू मिश्राने १२ वर्षे, ४ महिने आणि २५ दिवसांचा असताना २०२१ मध्ये हे पद बुडापेस्टमध्येच पुरे केले, आणि तेव्हाही ही कुजबुज झाली होती. मला व्यक्तिशः ही टीका अर्धीच पटते. सरासरी बेतता येते, पण डाव खेळावेच लागतात, आणि नवातले साडेसहा गुण कोणी ताटात वाढून देत नाही. टीकेतला खरा भाग पैशाचा आहे. परदेशात महिनोन् महिने राहून असे प्रयत्न पुन्हा पुन्हा करू शकणाऱ्या घरातले मूल आणि तेवढाच चांगला खेळणारे दुसरे मूल, यांच्यात नियम भेद करत नाही, पण खर्च तो भेद करतो. ग्रँडमास्टरांना बहुतेक स्पर्धांत प्रवेश शुल्क माफ असते आणि राहण्याची सोयही मिळते. ज्याला पद अजून मिळायचे आहे, तो मात्र सगळे स्वतःच्या खिशातून भरतो.

नॉर्मांना वळसा घालून जाणारी एक वाट आहे. काही मोठ्या स्पर्धांच्या विजेत्यांना हे पद थेट दिले जाते. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैमध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता, आणि तरी अंतिम सामन्याच्या त्या दिवशी ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या मराठी घरांत त्यानंतर मुलींच्या क्लासला नावे घालण्याची लाट आली ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्या ओळखीच्या एका क्लासमध्ये सतरंज्या कमी पडल्या. ती वाट मात्र जगातल्या एकाच मुलीसाठी एका वेळी उघडते, म्हणून तिच्यावर बेत आखता येत नाही.

पद मिळाल्यावर हिशेब संपतो असेही नाही, तो फक्त दुसऱ्या पानावर जातो. लिऑनने २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या विक आन झी येथील टाटा स्टील स्पर्धेचा चॅलेंजर्स गट जिंकला, आणि त्यामुळे २०२५ मध्ये त्याला त्याच स्पर्धेच्या मुख्य गटात जागा मिळाली. तिथे समोर विश्वविजेता गुकेश, स्पर्धेचा पुढे विजेता ठरलेला आर. प्रज्ञानंद आणि अर्जुन एरिगैसी असे लोक होते. गुकेश लिऑनपेक्षा वयाने काही आठवड्यांनीच लहान, पण २०१९ च्या जानेवारीत, १२ वर्षे ७ महिन्यांचा असताना दिल्लीत ग्रँडमास्टर झालेला. लहान वयात पद मिळवणाऱ्यांची तुलना करताना लोक नेहमी या तारखा पुढे ठेवतात. त्यांतला फरक कितपत खेळाचा आणि कितपत कोणाला कधी कुठे खेळायला मिळाले याचा, हे वेगळे काढणे त्या तारखांवरून शक्य नसते.

रेटिंग हा अंदाजच आहे याचा पुरावा तर नंतर आपल्या दारात येऊन उभा राहिला. २०२५ च्या नोव्हेंबरात फिडेचा विश्वचषक गोव्यात, हडफडे येथे झाला. २०६ खेळाडू, दोन-दोन डावांच्या बाद पद्धतीच्या लढती. पहिली तीन मानांकने भारतीयांना होती: गुकेश, अर्जुन आणि प्रज्ञानंद. उपांत्य फेरीत तिघांपैकी एकही नव्हता. गुकेश तिसऱ्याच फेरीत बाद झाला, आणि चषक नेला तो सोळावे मानांकन असलेल्या उझबेकिस्तानच्या एकोणीस वर्षांच्या जावोखिर सिंदारोवने. ०.६४ ची अपेक्षा म्हणजे शंभर डावांत चौसष्ट गुण. उद्याच्या एका डावात काय होईल याविषयी ती गप्पच असते.

शेजारच्या वडिलांचा शेवटचा प्रश्न व्यवहाराचा होता: मग आता करायचे काय? मी त्यांना मोठ्या खुल्या स्पर्धांतली स्विस पद्धत सांगितली. पहिल्या फेरीत सगळ्या खेळाडूंची रेटिंगप्रमाणे यादी करून तिचे दोन भाग करतात, आणि वरच्या भागातल्या पहिल्याची गाठ खालच्या भागातल्या पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी अशी लावतात. त्यामुळे १५२६ च्या मुलीला फोंड्याच्या सभागृहात जो प्रतिस्पर्धी वर्षभर मिळणार नाही, तो तिथे पहिल्याच सकाळी समोर येतो. १९१० च्या खेळाडूला तिने हरवले तर एका डावात ३६.४ गुण मिळतात, म्हणजे गेलेले सगळे चौतीस आणि वर थोडे. त्यांनी कागदाच्या मागे हा आकडा लिहून घेतला, त्याखाली रेघ मारली आणि दुसऱ्या दिवशी मडगावहून सुटणाऱ्या गाडीची दोन तिकिटे काढली.

स्पर्धेच्या आदल्या रात्री जोड्या लागल्या आणि समोर खरोखरच १९१० चा एक खेळाडू आला. चौदाव्या चालीपर्यंत ती बरोबरीत होती. मग तिने घोडा पटाच्या कडेला नेला, तो तिथेच अडकला, आणि एकतिसाव्या चालीला तिने डाव सोडला. रात्री वडिलांचा फोन आला तेव्हा हरल्याची बातमी त्यांनी नंतर दिली, आधी आकडा सांगितला: “काका, फक्त तीन पूर्णांक सहा गेले.”